कांद्याची पिशवी आणि चाळीस मिलिमीटर

सयाजीबागेला बडोद्यात कमाटी बागच म्हणतात. तिथली सकाळची फेरी आटोपली की आम्हा सात-आठ निवृत्त मंडळींचा चहा असतो, आणि चहापेक्षा वाद जास्त उकळतो. गेला पंधरवडा मासळीने खाल्ला. निमित्त क्षुल्लक. आमच्यातल्या एकांच्या सुनेने पापलेट आणले. एकेक तळहाताएवढा, आणि भाव असा की सासऱ्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. पुढच्या मिनिटाला तीन तट पडले. पहिल्याचं म्हणणं, हे वेरावळ-पोरबंदरचे ट्रॉलरवाले हावरट, समुद्र खरवडून नेतात, त्यांना चाप लावा. दुसऱ्याचं म्हणणं, ताटात मासा हवा आणि धरणाऱ्याला शिव्या, हे बरं आहे. डिझेलचा भाव बघा, डोक्यावरचं कर्ज बघा, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. तिसरा तट बडोद्यात कायम हजर असतो आणि त्याला फार बोलावंही लागत नाही: मुळात खाताच कशाला? पंधरा दिवस हे तिघे एकमेकांच्या चारित्र्यावर बोलत होते. जाळ्यावर एकही जण बोलला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. लहान मासा अडकतो की निसटतो हे ठरवतं जाळ्याच्या शेपटातलं भोक. धरणाऱ्याचं मन कितीही मोठं असो, भोक बारीक असेल तर पिल्लू मरणारच. तेव्हा ट्रॉलिंग चालू ठेवा की बंद करा, हा वाद थोडा बाजूला ठेवावा आणि गुजरातच्या नियमांत आधीपासूनच असलेलं चौकोनी भोक खरोखर वापरात आणावं. त्यासाठी भर समुद्रात बोटींचा पाठलाग करण्यापेक्षा जाळ्यांच्या दुकानात आणि बंदराच्या धक्क्यावर लक्ष ठेवावं. आणि पहिल्या मोसमात जो खड्डा पडेल तो एकट्या मासेमाराला भरायला लावू नये. मी पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. सासर कायस्थ प्रभूंचं, त्यामुळे मासळी निवडण्यात चाळीस वर्षं गेली. समुद्राबद्दल बोलायचा माझा अधिकार शून्य आहे. भोकाबद्दलचा मात्र थोडा आहे.

जाळ्याच्या भोकाला मराठीत 'आस' म्हणतात. ट्रॉल जाळं म्हणजे एक अवाढव्य नरसाळं: तोंड रुंद, मागे निमुळतं होत जाणारं, आणि शेवटी एक पिशवी, तिला खोळा म्हणू. बोट हे नरसाळं तळाजवळून तासन् तास ओढत नेते. वाटेतला मासा तोंडापुढे पोहत राहतो, दमतो, मागे सरकतो आणि खोळ्यात जमा होतो. पिल्लाला सुटायचंच असेल तर ते मुख्यतः या खोळ्यातून सुटणार, म्हणून नियमात मापायचा तो खोळ्याचा आस. नेहमीच्या विणीत तो शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. आता जरा स्वयंपाकघरात या. कांदे किंवा लसूण ज्या लाल जाळीच्या पिशवीत मिळतात ती रिकामी घ्या, दोन टोकं धरा आणि लांबीच्या दिशेने ओढा. एकेक भोक मिटत जाऊन त्याची फट होते. आत्ता बोट जात होतं तिथे काडी घालायची मारामार. आता तीच पिशवी उलगडून कापा आणि तिरकी धरा, म्हणजे शंकरपाळ्याच्या बाजू ओढीच्या रेषेत येतील. पुन्हा ओढा. भोक उघडंच राहतं, कारण सगळा ताण उभ्या दोऱ्यांनी घेतला. त्यांना एकमेकांकडे झुकायचं कारणच उरलं नाही. पिशवी नसेल तर शाळेच्या मैदानावरची व्हॉलीबॉलची नेट आठवा. दोन्ही खांबांना कितीही कसून बांधली तरी तिचे चौकोन मिटत नाहीत.

समुद्रात हीच गोष्ट टनावारी वजनाने घडते. खोळ्यात मासा साठू लागला की त्याचं टोक फुग्यासारखं फुगतं आणि फुग्याच्या पुढचा भाग ताणला जातो. फुग्याला लागून असलेल्या मोजक्या ओळींतले शंकरपाळे तेवढे उघडे राहतात, बाकीचे डोळे मिटून घेतात. म्हणजे जाळ्यात मासा जितका जास्त, तितका सुटायचा रस्ता अरुंद. आणि इथेच मापाचा घोटाळा सुरू होतो. आस मोजतात तो ताणून, गाठीपासून गाठीपर्यंत. '४० मिलिमीटर' म्हटला की त्याची एक बाजू २० मिलिमीटरची. तो चौकोनी ठेवला तर भोक २० बाय २०, क्षेत्रफळ ४०० चौरस मिलिमीटर, जवळपास रुपयाच्या नाण्याएवढं. तोच शंकरपाळी ठेवला आणि ओढीखाली आडवा दहाच मिलिमीटर उघडा राहिला, तर क्षेत्रफळ दोनशेच्याही आत येतं. सातवीच्या मुलाला जमेल असं गणित आहे. कागदावर दोन्ही जाळी '४० मिमी'ची, आणि मधून सुटणाऱ्या पिल्लाला मात्र एक दार आणि दुसरी भिंत. गुजरातने २००३ मध्ये मासेमारीचा कायदा केला, त्याच्या नियमांत ट्रॉलच्या खोळ्यासाठी नुसतं ४० मिमी म्हटलेलं नाही, 'चौकोनी' हा शब्दही आहे. तो ज्याने घातला त्याला आस कळत होता.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं एक केंद्र वेरावळला आहे, आणि चौकोनी खोळ्यांच्या चाचण्या व प्रसार तिथून बरीच वर्षं चालू आहे. अशी चाचणी घेण्याची पद्धत मला फार आवडली. मूळ खोळ्यावर बारीक विणीचं दुसरं आवरण चढवायचं. जो मासा खोळ्यातून निसटेल तो आवरणात सापडेल. मग दोन्हींकडचे मासे लांबीप्रमाणे मोजायचे आणि ज्या लांबीचे निम्मे आत राहिले, निम्मे सुटले, ती लांबी त्या आसाची ओळख. गोल अंगाच्या माशांच्या बाबतीत चौकोनी आसात ही लांबी वर सरकते, म्हणजे जास्त पिल्लं सुटतात. आता प्रत्यक्षात काय असतं? आपल्या किनाऱ्यावर पंधरा-वीस-पंचवीस मिलिमीटरचे शंकरपाळी खोळे सर्रास चालतात, कधी आतून दुसऱ्या जाळीचं अस्तर लावलेले. पंधरा मिलिमीटर म्हणजे बाजू साडेसात. आमच्या घरातली पोह्यांची चाळणी बरी.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा टपरीवर कुणी मांडलाच नाही, म्हणून तो मीच मांडते. युरोपातल्या थंड समुद्रात मोजक्या जातींचे मासे मोठ्या संख्येने मिळतात; कॉडसाठी अमुक आस असं तिथे म्हणता येतं. अरबी समुद्रात एका ओढीत राणी, ढोमा, वाकटी, माकूल, लेप, कोळंबी, आणि नाव विचारलं तर बोटीचा तांडेलही डोकं खाजवेल अशा कितीतरी जाती एकत्र येतात. दहा-बारा सेंटिमीटरचा मासा घ्या. तो मांदेली असेल तर संसार उरकलेला गृहस्थ आहे; घोळ असेल तर बालवाडीत आहे, कारण घोळ मीटरभराच्या वर वाढतो. या दोघांना न्याय देणारं एकच भोक कुठून आणायचं? शिवाय ट्रॉलरच्या घराला खरा पैसा कोळंबी देते, आणि मोठा आस लावला की तिचा काही हिस्सा हातचा जातो. या मुद्द्यात आणखी एक धार आहे, आणि ती माझ्याच मानेवर येते. चौकोनी आस गोल अंगाच्या माशाला सोयीचा. पापलेट म्हणजे उभी धरलेली पोळी. त्याला चौकोनापेक्षा शंकरपाळ्याची उंच फटच बरी पडते. २० मिलिमीटर बाजूच्या चौकोनाचा कर्ण होतो २८ मिलिमीटर, आणि तळहाताएवढा पापलेट त्यातून जन्मात जाणार नाही. म्हणजे ज्या पापलेटावरून टपरीवर रणकंदन झालं त्याला माझा लाडका चौकोन वाचवतच नाही. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? एक भोक सगळ्यांना पुरत नाही म्हणून सगळ्यांना मारणारं भोक ठेवा? मांदेली आणि जवळ्यासाठी एका जागी बांधून ठेवलेली डोल जाळी आहेत, त्यांचा विचार वेगळा करा. ट्रॉलरच्या खोळ्यात जे रोज टोपल्यांनी येतं त्यात राणी आणि ढोम्यासारखे गोल अंगाचे मासे भरपूर असतात, आणि चौकोन नेमका त्यांच्या उपयोगाचा. पापलेटासाठी दुसरा उपाय लागेल: किमान लांबी. केरळने २०१५ मध्ये १४ जातींसाठी धरायची किमान लांबी ठरवली, पुढे ती यादी ५८ जातींवर नेली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तसाच नियम केला. लांबीचा नियम धक्क्यावर, बर्फात ठेवलेल्या माशावर फूटपट्टी धरून तपासता येतो. पण तोवर मासा मेलेला असतो, म्हणून लांबीच्या नियमाला आसाची जोड हवी. औषधाच्या दोन गोळ्या दिल्या तर एकीने ताप उतरत नाही म्हणून कुणी दोन्ही फेकून देत नाही.

दुसरा आक्षेप सरकारी थाटाचा आहे: पावसाळ्यात बंदी आहेच की. आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस, आणि गुजरातेत अलीकडे ऑगस्टच्या मध्यापर्यंत. बंदी चांगलीच आहे. बोटींनाही विश्रांती, खलाशांनाही. पण बंदी उठते त्या दिवशी समुद्रात काय असतं? पावसाळ्याच्या आगेमागे जन्मलेली पिल्लं. दोन महिने शेताची राखण करायची आणि पीक पोटरीत आलं की विळा घेऊन आत शिरायचं, असा तो प्रकार. यावर आमच्या एका मित्राने फार गोड प्रश्न विचारला. हिवाळ्यात आपण पोंक खातोच ना? महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, पोंक म्हणजे आपला हुरडाच. इकडे तो लिंबू-मिरीची शेव आणि पोंकाच्या वड्यांबरोबर खातात, आणि थंडीत त्याचे तंबू लागले की सगळं शहर तिकडे लोटतं. खातोच. पण पोंकासाठी शेतकरी वाफ्यातली काही कणसं काढतो. अख्खं शिवार पोंकाला दिलं तर जानेवारीनंतर भाकरी कशाची? आणि शेतकऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण कोवळं कापतोय आणि कोवळ्याचा भाव जास्त मिळतो. मासळीत उलटं आहे. कोवळ्याला भाव नाही.

कोवळं मग जातं कुठे? माझी नेहमीची मासळीवाली खारवण आहे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खारवा समाजातली. आमची ओळख तिच्या सासूच्या काळापासूनची. गेल्या आठवड्यात तिने बर्फाचा ढीग बाजूला सारला, वरचे चार बरे मासे उचलले आणि खालचा थर दाखवला: बोटभर लांबीचे ढोमे, डोळे अंगापेक्षा मोठे. मी विचारलं, मोठा ढोमा कुठाय? म्हणाली, "मोटी माछली हवे आवे छे क्यां, बेन? आ तो छोकरां छे." तिच्यापर्यंत तरी थोडी पोरं माणसाच्या तोंडात जाण्यासाठी येतात. बाकीचा ढीग धक्क्यावरच 'कुटा' म्हणून वेगळा होतो आणि मासळीचं पीठ करणाऱ्या कारखान्यांकडे जातो. तिथून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात. कुट्याचं समर्थन करणारे म्हणतात, वाया तर जात नाही ना! अर्थशास्त्र म्हणून हे तपासू. जो ढोमा सहा-आठ महिन्यांनी किलोच्या भावाने विकला गेला असता तो आज पोत्याच्या भावाने विकला, आणि त्या सहा-आठ महिन्यांत समुद्र त्याला फुकट खाऊ घालणार होता. वाया जाण्याची याहून चोख व्याख्या मला सुचत नाही. बोटी हल्ली कित्येक दिवस समुद्रावर राहतात आणि परतीच्या शेवटच्या ओढींतला कुटा बर्फात जागा उरली म्हणून भरून आणतात. कुट्याला गिऱ्हाईक नसतं तर ती जागा रिकामी राहिली असती, आणि बारीक आसाचा मोहही तेवढा कमी झाला असता.

हे काही आपलंच पाप नाही. १३७६ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्याकडे एक तक्रारअर्ज गेला. काही लोकांनी तळ खरवडत जाणारं एक नवं जाळं काढलं आहे, त्याचे आस इतके बारीक आहेत की कितीही लहान मासा आत गेला की बाहेर पडत नाही, आणि धरणाऱ्यांना एवढ्या पिल्लांचं काय करावं कळत नाही म्हणून ते डुकरांना घालून त्यांना माजवतात, अशी ती तक्रार. साडेसहाशे वर्षांत डुकरांच्या जागी कोंबड्या आल्या. राजाने चौकशी नेमली, जसे राजे नेमतात. पुढे १८६३ मध्ये इंग्लंडात सागरी मासेमारीवर एक शाही आयोग बसला, त्यात टी. एच. हक्सले होता, डार्विनची बाजू लढवणारा, त्या काळातल्या सर्वांत धारदार बुद्धीच्या माणसांपैकी एक. आयोगाने मासेमारीवरचे जुने निर्बंध काढून टाका असं सुचवलं, आणि १८८३ च्या लंडनच्या प्रदर्शनात हक्सलेने सांगितलं की कॉड, हेरिंग यांसारखी मोठी सागरी मासेमारी बहुधा अक्षय आहे. तो मूर्ख नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे शिडाची जहाजं होती, आणि शिडाच्या जहाजाला खरंच समुद्र संपवता आला नसता. पण तो बोलत होता त्याच सुमारास वाफेचे ट्रॉलर पाण्यात उतरत होते. नंतर दोन महायुद्धांनी नकळत एक प्रयोग करून दिला. उत्तर समुद्रात सुरुंग आणि पाणबुड्या असल्यामुळे मासेमारी बरीचशी थांबली, आणि दोन्ही वेळा युद्ध संपल्यावर जाळ्यात मोठाले मासे भरभरून आले. १९४६ मध्ये लंडनला देशांनी जाळ्यांच्या आसाचं आणि माशांच्या किमान लांबीचं करारपत्र केलं, ते या अनुभवानंतर. 'आमच्या आजोबांच्या काळापासून असंच धरतात' म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, आजोबांच्या बोटीला इंजिन किती अश्वशक्तीचं होतं?

एक आक्षेप मात्र शास्त्रज्ञांकडून येतो आणि तो टपरीवरच्या कुठल्याही आक्षेपापेक्षा जड आहे. लहान सोडा आणि मोठे धरा, असं पिढ्यान् पिढ्या केलंत तर उरतील कोण? जे लहानच राहतात ते. २००२ मध्ये अमेरिकेत सिल्व्हरसाइड नावाच्या छोट्या माशावर टाक्यांमध्ये असा प्रयोग झाला. एका गटातले मोठे मासे दर पिढीत काढून टाकले, दुसऱ्या गटातले लहान. चारच पिढ्यांत मोठे काढलेल्या गटाचं उत्पन्न दुसऱ्याच्या जवळपास निम्म्यावर आलं. यावरून काही जण म्हणतात, मोठे-लहान सगळे थोडे थोडे धरा, त्यात समतोल आहे. मला हा युक्तिवाद खरोखर आवडतो, आणि तो खोडून काढायचा म्हणून मी खोडत नाही. पण त्यातला 'थोडे थोडे' हा शब्द कुठे हरवतो? आपल्याकडे पंधरा मिलिमीटरचा आस मोठ्याला सोडत नाही आणि लहानालाही सोडत नाही. समतोल साधायला एखादं पारडं तरी वर असावं लागतं. मोठी मादी आपल्या वजनाच्या प्रमाणापेक्षाही जास्त अंडी देते हे आता पुष्कळ जातींत दिसलं आहे. अशा म्हाताऱ्या, जाडजूड माद्या समुद्रात हव्या असतील तर बोटी आणि ओढी कमी करण्याचा वेगळा वाद घालावा लागेल, आणि तो मी घालायला तयार आहे. पण म्हातारी व्हायला आधी बालपणी जाळ्यातून सुटावं लागतं. सुटलेले सगळे जगत नाहीत, खवले निघतात, दम संपतो, हेही कबूल. खोळ्यात राहिलेले मात्र एकूण एक मरतात.

गरिबाच्या पोटाचा मुद्दा मी शेवटाकडे ठेवला, कारण तो मला सर्वांत जास्त टोचतो. तो पूर्ण खरा आहे. ज्या दिवशी खोळा बदलेल त्या दिवशी कुट्याचे पैसे बुडतील, थोडी कोळंबी जाईल, आणि फायदा दिसायला काही महिने किंवा मोसम लागेल. तोवर सावकार थांबत नाही. शिवाय मी सोडलेलं पिल्लू शेजारच्या बोटीच्या बारीक आसात जाणार असेल तर मी ते का सोडावं? यात हाव कुठे आली? हा तर साधा व्यवहार आहे, आणि म्हणूनच 'मासेमारांचं प्रबोधन' या सरकारी शब्दाचा मला कंटाळा येतो. चौकोनी खोळा शिवणं आणि फाटला तर दुरुस्त करणं शंकरपाळी विणीत हात बसलेल्या माणसाला जड जातं, गाठी सरकतात, ही अडचणही व्याख्यानाने सुटत नाही. बांगलादेशाने हिलसासाठी काय केलं ते पाहा. आपल्याला हिलसा परका नाही. भरूचजवळ नर्मदेच्या मुखात तो पावसाळ्यात चढतो आणि बडोद्याच्या बाजारात येतो. बांगलादेशात २५ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा धरायला बंदी घातली, बारीक जाळी जप्त केली, आणि बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना महिन्याला ४० किलो तांदूळ दिले. २००२-०३ मध्ये उत्पादन दोन लाख टनांच्या आसपास होतं. २०१७-१८ मध्ये ते पाच लाखांच्या वर गेलं. हे सगळं श्रेय आसाचं नाही, अंडी घालायच्या दिवसांतल्या बंदीचंही आहे. पण तांदळाचं नक्कीच आहे. कायदा आणि पोतं बरोबर पोहोचलं.

आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्याकडे यांत्रिक मासेमारी रुजली त्यात १९५३ मध्ये केरळात सुरू झालेल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाचा मोठा हात होता. त्याच नॉर्वेत पुढे कोळंबीच्या जाळ्यांत नॉर्डमोर भागातली सळ्यांची जाळी बसवणं सक्तीचं झालं. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, मासा वरच्या भोकातून बाहेर. सळ्या ताणल्या तरी मिटत नाहीत, हे तिचं रहस्य. आणि ती सुचली कुणाला? जेलीफिशने जाळं भरून जातं म्हणून वैतागलेल्या एका मच्छीमाराला. वेरावळच्या तांडेलाला असं काही सुचणार नाही असं का धरून चालायचं?

आता बडोद्याचं म्हणून थोडं. आपल्यापैकी अनेकांना वाटतं की समुद्राशी या शहराचा संबंध बर्फाच्या ट्रकापुरता. पण द्वारकेकडचं ओखामंडळ गायकवाडांचं होतं, वेरावळशेजारचं कोडीनारही गायकवाडांचंच, अमरेली प्रांतात. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला ओखामंडळचा किनारा तपासायला लावलं आणि त्याचा अहवाल १९०९ मध्ये निघाला. आधी माहिती, मग धोरण. आणि धोरण राबवायची त्यांची रीत तर आपण शाळेत पाठ केलेली आहे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये त्यांनी आधी अमरेली तालुक्यातल्या काही गावांत करून पाहिलं, आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. मुलगा शाळेत गेला की घरातला गुराखी गेला, हे तेव्हाच्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं आजच्या मासेमाराच्या गाऱ्हाण्याहून वेगळं नव्हतं. दंड होता, पण दंडाच्या आधी गावात शाळा उभी होती. चौकोनी आसाच्या बाबतीत आपण दंड आधी छापला आणि शाळा बांधायची राहून गेली.

म्हणून एक बंदर घ्या. सगळा किनारा नको, एकच. तिथल्या सगळ्या ट्रॉलरचे खोळे एकाच मोसमात, एकाच दिवशी बदला, म्हणजे शेजारच्या बोटीचा प्रश्नच उरत नाही. खोळे सरकारने द्यावेत आणि ते शिवणारे कारागीर त्याच बंदरातले शिकवून तयार करावेत. ट्रॉलच्या खोळ्यासाठी म्हणून जी जाळी विकली जाते ती दुकानातच तपासावी. किराणा दुकानातल्या किलोच्या वजनावर सरकारी शिक्का असतो, त्यासाठी कुणी गिऱ्हाइकाच्या घरी धाड घालत नाही. कुटा घेणाऱ्या कारखान्यांनी आलेल्या मालात पिल्लं किती याची नोंद ठेवावी, आणि ती कुणालाही बघता यावी. भर समुद्रात गस्तीची बोट किती बोटींच्या खोळ्यात हात घालणार? धक्क्यावर मात्र प्रत्येक टोपली येते.

परवा मी कांद्याची पिशवी पर्समध्ये घालून टपरीवर नेली. पहिल्या तटाच्या पुढाऱ्यांनी ती दोन्ही हातांनी ओढली, मिटलेली भोकं चष्म्यावरून पाहिली, मग तिरकी धरून ओढली. थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "पण ताई, ४० मिमीचा खोळा लावून आणलेला मासा तुम्ही बाजारात ओळखणार कसा?" पंधरा दिवसांत टपरीवर विचारला गेलेला हा पहिला नीट प्रश्न. याचं उत्तर मला देता आलं नाही. पिशवी त्यांनीच ठेवून घेतली, सुनेला दाखवायला.